बोर्डिंगमधलं चॅपल: तिथे मुलांचं नेमकं काय होतं?

विचारणाऱ्या ताई सांगलीकडच्या आहेत. मुलगी यंदा सहावीत जाईल, पाचगणीच्या एका ख्रिस्ती बोर्डिंगमध्ये प्रवेश मिळतोय. शाळेने पाठवलेल्या दिनक्रमात रोज सकाळी ‘चॅपल’ आहे, रविवारी संध्याकाळी पुन्हा ‘चॅपल’. घर वारकरी, सासूबाईंच्या गळ्यात माळ. तिथे नेमकं काय चालतं, मुलीवर सक्ती होईल का, आणि एवढी फी घेणारी शाळा अभ्यासाचा वेळ यात का घालवते, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी डोंगरावरच्या निवासी शाळांमध्ये हाऊसमास्तर, म्हणजे मुलांच्या एका निवासगटाची (‘हाऊस’ची) जबाबदारी असलेला शिक्षक होतो. नोकरीची बहुतेक वर्षं त्यातच गेली. घर हिंदू, देवपूजेचं. पण देवळात बसलो असेन त्याहून जास्त वेळ चॅपलच्या बाकांवर बसलोय. तेव्हा जे सांगतोय ते त्या बाकावरून पाहिलेलं. पाद्री किंवा मुख्याध्यापक कदाचित वेगळं सांगतील.

आधी तिथे काय चालतं ते. चॅपल म्हणजे शाळेचं प्रार्थनाघर, आणि तिथल्या प्रार्थनासभेलाही तेच नाव. रोजचं चॅपल पंधरा-वीस मिनिटांचं असतं. घंटा झाली की मुलं हाऊसप्रमाणे रांगेत आत येतात, प्रत्येकाचा बाक ठरलेला असतो, लहान पुढे आणि मोठी मागे. लाकडी फळीवर त्या दिवशीच्या गीताचे आकडे लावलेले असतात. पियानोवर सूर मिळाला की सगळे उभे राहून गातात. मग एखादा विद्यार्थी उतारा वाचतो. तो बायबलमधलाच असेल असं नाही, कित्येक शाळांत गांधी-टागोरही वाचले जातात. कोणीतरी चार मिनिटं बोलतं, एक प्रार्थना होते, सूचना होतात, की सगळे नाश्त्याला नाहीतर वर्गात. रविवारचं जरा लांबतं, त्यात गायनवृंद असतो आणि प्रवचनही. पुष्कळ शाळांना चॅपलची वेगळी इमारत नसते, सभागृहातच हे सगळं होतं, तरी त्याला चॅपलच म्हणतात.

एक फरक मात्र आधीच विचारून घ्या, कारण तो माहितीपत्रकात नीट कळत नाही. कॅथलिक संस्थांच्या शाळांत ‘मास’ हा चर्चचा उपासनाविधी साधारणपणे कॅथलिक मुलांसाठीच असतो. त्या वेळेत बाकीची मुलं अभ्यासिकेत असतात. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, तासालाही इतरांना मॉरल सायन्स असतं. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या शाळांत सगळी शाळा एकत्र चॅपलला जाते, हिंदू, पारशी, मुसलमान, शीख सगळे. तुम्हाला जो प्रश्न पडलाय तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या शाळांचा आहे. खुद्द पाचगणीतही सगळी बोर्डिंगं ख्रिस्ती नाहीत. संजीवन १९२२ पासून आहे, बहाई धर्माच्या मंडळींचं न्यू एरा १९४५ पासून. प्रत्येकाची एकत्र बसायची रीत निराळी.

आता तुमचा तिसरा प्रश्न घेतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. शाळा यावर वेळ का घालवते?

ही रीत इंग्लंडमधून आली. ईटन या तिथल्या जुन्या निवासी शाळेची स्थापना १४४० ची. तिथे चॅपल आधीपासूनच होतं, पण ते राजाच्या पुण्याईसाठी प्रार्थना करायला. शाळा चालवायचं साधन म्हणून चॅपलचा वापर जाणीवपूर्वक केला तो तिथल्याच रग्बी नावाच्या शाळेच्या थॉमस अर्नोल्डने. १८२८ ते १८४२ तो तिथे मुख्याध्यापक होता, आणि १८३१ मध्ये शाळेच्या पाद्रीची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्याने स्वतःकडेच घेतली. यातली गंमत लक्षात घ्या. आठवडाभर जो माणूस शिस्त लावायचा, शिक्षा करायचा, तोच रविवारी मुलांसमोर उभा राहून भीती, मोह, मैत्री यांविषयी बोलायचा. मुलांना तो वेगळाच माणूस दिसायचा. १८४२ मध्ये तो गेला तेव्हा त्याला त्या चॅपलमध्येच पुरलं.

अर्नोल्डने नेमलेला एक तरुण शिक्षक होता जॉर्ज कॉटन. तो पुढे कलकत्त्याचा बिशप होऊन हिंदुस्थानात आला आणि १८५९ मध्ये सिमल्याची शाळा उभी राहिली ती त्याच्या पुढाकाराने. आजचं बिशप कॉटन स्कूल ते हेच. म्हणजे रग्बीचं चॅपल जवळजवळ हातोहात आपल्या डोंगरांवर आलं. आपल्याकडचं देवळालीचं बार्न्स त्याच अँग्लिकन कुळातलं. शाळा १९२५ ची, पण तिची मुळं १८१५ मध्ये आर्चडीकन बार्न्सने मुंबईत सुरू केलेल्या शिक्षणसंस्थेत आहेत. सुरुवातीला या शाळा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होत्या. मुलं बदलली, देश बदलला, चॅपल टिकलं. साहेबाची आठवण म्हणून टिकलं असं काहीजण म्हणतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. ब्लेझर आणि टायबरोबर चॅपलही फी वाढवायला उपयोगी पडतं. पण जिथे ते जिवंत आहे तिथे कारण वेगळं आहे.

बोर्डिंगमध्ये प्रत्येक गोष्ट मोजली जाते. मार्क तर झालेच, त्याशिवाय हाऊसचे पॉइंट, संघातली जागा, पळण्याची वेळ, अगदी पलंगावरची चादर किती ताठ घातली त्याचेही गुण. अकरा वर्षांच्या मुलीला सकाळी उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत कोणी ना कोणी तोलत असतं. घरी असं नसतं. घरी ती आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात नुसती रेंगाळू शकते. चॅपलची वीस मिनिटं ही बोर्डिंगमधली जवळजवळ एकमेव वेळ, जिथे तिला काही सिद्ध करायचं नसतं. बेसूर गायली तरी चालतं, गायनवृंदाची निवड वेगळी होते, बाकावरच्या गाण्याला निवड नाही. म्हणूनच ‘चॅपलमध्ये सर्वांत शिस्तबद्ध हाऊस’ असं बक्षीस कोणी सुरू केलं की मला चीड येते. मोजायला लागलात की ते संपलंच.

शिवाय सगळी शाळा एका छताखाली येते ती तेव्हाच. पूर्वी जेवणघर ते काम करायचं. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं, तिथे सर्व जातींची मुलं एकत्र राहून, एकत्र रांधून जेवायची, आणि त्या पंगतीनेच त्यांना जोडलं. त्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही चॅपलने केलं नसेल एवढं मोठं काम त्या पंगतीने केलं असं माझं मत आहे. पण आता मोठ्या शाळांत मेस दोन-तीन पाळ्यांत चालते, सहावीची मुलगी बारावीच्या मुलीला जेवताना बघतही नाही. सकाळी चॅपलमध्ये मात्र बघते.

आता हाऊसमास्तर म्हणून मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. याविषयी पालकांशी सहसा कोणी बोलत नाही.

वर्गात मुलं फळ्याकडे बघतात, शिक्षकही अर्धा वेळ फळ्याकडेच. मेसमध्ये गोंगाट, मैदानावर पळापळ, डॉर्मिटरीत आमची पावलं वाजली की चेहरे बदलतात. चॅपलमध्ये मात्र प्रत्येकजण आपल्या ठरलेल्या जागी, एकाच दिशेला तोंड करून, शांत. आणि हाऊसमास्तरचा बाक आडवा, भिंतीलगत. तिथून आपल्या हाऊसची सगळी तोंडं दिसतात. रोज तेच चेहरे त्याच जागी पाहिले की जरासा फरकसुद्धा डोळ्यांत खुपतो. कालपर्यंत तोंड उघडून गाणारा मुलगा आज ओठ मिटून उभा आहे. एका बाकावर सहाजण खेटून बसतात आणि एकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सुटलेली आहे. ही फट मी फार गंभीरपणे घ्यायचो. मुलं छळाविषयी बोलत नाहीत, चुगली करणाऱ्याची बोर्डिंगमध्ये काय गत होते ते त्यांना माहीत असतं, पण बाकावरची फट खोटं बोलत नाही. एखादं पोर रोज पेंगतं. एखाद-दुसऱ्या दिवशी पेंगलं तर झोपू द्यावं, पण रोज पेंगलं तर रात्री डॉर्मिटरीत काहीतरी चाललंय. कधी चोरून आणलेला मोबाइल असतो, कधी भीती असते, कधी गादी ओली होण्याची लाज. नाश्त्याच्या आधी मी आणि मेट्रन (मुलांच्या राहण्या-आजारपणाची काळजी घेणारी बाई) दोन मिनिटं उभ्याउभ्या बोलायचो, एखाद-दोन नावं निघायची. पुढचं काम चॅपलबाहेर, मेट्रनच्या खोलीत, दूध-बिस्किटावर.

हे नुसत्या परिपाठातही होऊ शकतं ना, असं तुम्ही म्हणाल. होऊ शकतं. आपल्या आश्रमशाळांत आणि नवोदयमध्ये सकाळी मुलं मैदानावर उभी राहतात, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष होतो, कुठे पसायदानाने शेवट होतो. जिथे अधीक्षक चांगला आहे तिथे तोही असाच चेहरे वाचतो. फरक एवढाच की उन्हात रांगेत उभं राहिलेलं मूल संपायची वाट बघत असतं, बसलेलं मूल जरा सैल होतं. बसू द्या त्यांना, हे मी कितीतरी मुख्याध्यापकांना सांगत आलोय.

रविवार संध्याकाळचं चॅपल का असतं, हेही आईला कळायला हवं. घरची आठवण सगळ्यांत जास्त येते ती रविवारी. आठवडाभर घंटेमागून घंटा असते, रविवारी दुपार मोकळी. कोणाचे आईवडील भेटून गेलेले, कोणाचे आलेच नाहीत. डब्यातले लाडू संपलेले. ऊन उतरायला लागलं की नवीन मुलांचा गळा दाटतो, आणि एकाला रडू आलं की अख्ख्या डॉर्मिटरीला येतं. त्याच वेळेला सगळ्यांना अंघोळ, स्वच्छ कपडे, रांग, दिवे, गाणं. ही योगायोगाची वेळ नव्हे, जुन्या लोकांनी जाणून निवडलेली आहे. गाणं म्हणताना श्वास सगळ्यांचा एकदम आत-बाहेर होतो, आणि रडत रडत सूर धरता येत नाही. संध्याकाळी गावच्या देवळात हरिपाठ म्हणताना हेच होतं, ते तुमच्या सासूबाईंना मी सांगायला नको.

पहिल्या सत्रात नवीन मुलं नुसते ओठ हलवतात. दिवाळीच्या सुट्टीला घरी येतात तेव्हा सगळी गीतं पाठ असतात, अर्थ अर्ध्याचाही कळलेला नसतो. मग मुलगी भांडी लावता लावता ते गुणगुणते आणि घरात काळजी सुरू होते. या गुणगुणण्याचा साधा अर्थ असा असतो की मूल तिथे रुजलं. खरं तर जे मूल दिवाळीला येऊन शाळेतलं काहीच गुणगुणत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटायची. पाचगणीच्याच सेंट पीटर्समध्ये फारूख बुलसारा नावाचा पारशी मुलगा शिकला, शाळेच्या गायनवृंदात गायला, पियानो शिकला, वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जगाने त्याला रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. १९९१ मध्ये लंडनला तो गेला तेव्हा त्याचे अंत्यसंस्कार झाले पारशी पद्धतीने.

शाळेवर दुःख कोसळतं तेव्हा चॅपल नसलेल्या शाळेची काय अडचण होते तेही मी पाहिलंय. एखाद्या मुलाचे वडील जातात. फोन रात्री येतो. मुलाला ही बातमी चॅपलमध्ये सांगायची नसते. ती हाऊसमास्तरच्या घरी, बंद दाराआड, बसवून, सरळ शब्दांत सांगायची आणि न्यायला येणारा काका किंवा मामा येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. तो गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शाळेला एकदम सांगायचं, आणि जरा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. याचा उपयोग त्या दिवशी नसतो, तेरावं करून मुलगा परत येतो तेव्हा असतो. ‘कुठे होतास रे इतके दिवस?’ असं त्याला कोणी विचारत नाही. मुंडन केलेलं डोकं बघून कोणी हसत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असतं. सूचनाफलकावर कागद लावून किंवा वर्गावर्गात निरोप पाठवून हे होत नाही. निम्म्यांना अर्धवट कळतं, आणि बाकीचे कुजबुजतात.

पण हे सगळं कधी साधतं? त्या जागेचा दुसऱ्या कामांसाठी वापर केला नाही तरच. एका शाळेत (नाव नको) मुख्याध्यापकांनी चॅपलच्या शेवटच्या पाच मिनिटांत झाडाझडती सुरू केली. काच कोणी फोडली, कोणाच्या केसांची लांबी किती, कोण प्रेपला (अभ्यासाच्या तासाला) उशिरा आलं, नाव घेऊन उभं करायचं. सत्र संपेपर्यंत मुलांनी त्या वीस मिनिटांत कान बंद करायला शिकून घेतलं. पुढे खरोखर काही सांगायची वेळ आली तेव्हा मुलं मान खाली घालून, आता कोणाचा नंबर, एवढंच ऐकत होती. ओरडायचं असेल तर मैदानावर ओरडा. मला विचाराल तर चॅपल चांगलं की वाईट हे ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण. तिथे कोणाला शिक्षा जाहीर होते का, एवढं जुन्या विद्यार्थ्याला विचारा.

दुसरी खूण म्हणजे तिथे बोलतं कोण. अमेरिकेतल्या ग्रोटनसारख्या जुन्या बोर्डिंग शाळांत चॅपलमध्ये वरच्या वर्गातली मुलं उभी राहून आपल्याविषयी बोलतात. घरातलं आजारपण, नापास होणं, गाव सोडून येणं. आपल्याकडेही काही शाळांनी हे उचललं आहे. पहिल्यांदा मुलं इंटरनेटवरून प्रेरणादायी कथा उचलून आणतात. एक-दोन वर्षं तसंच चालतं, मग एखादी मुलगी खरं बोलते आणि सगळं बदलतं. नाताळच्या आधी नऊ उतारे वाचून मधेमधे गीतं म्हणण्याची रीतही अशीच आहे. ती १८८० मध्ये इंग्लंडच्या ट्रुरोमध्ये सुरू झाली, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १९१८ मध्ये उचलली आणि तिथून जगभर पसरली. तिच्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे वाचणाऱ्यांचा क्रम. सर्वांत लहान मूल आधी, मग चढत चढत शेवटी संस्थेचा प्रमुख. काही शाळांत मेसमधल्या आचाऱ्यालाही एक उतारा देतात. वर्षभर ज्याला मुलं फक्त चपात्या मागतात, तो मेणबत्तीच्या उजेडात वाचतो आणि सगळी शाळा ऐकते.

यासाठी ख्रिस्ती धर्मच लागतो का? अजिबात नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सिंधिया स्कूल आहे, १८९७ चं. तिथे मुलं संध्याकाळी ‘अस्ताचल’ला जाऊन मावळतीकडे तोंड करून गप्प बसतात. आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेतही हाच रिवाज, नावही तेच. क्वेकर पंथ ख्रिस्तीच, पण त्याच्या शाळांत तर पाद्रीच नसतो, सगळे मुकाट बसतात आणि ज्याला आतून वाटेल त्याने उभं राहून बोलावं. पेनसिल्व्हेनियातली वेस्टटाऊन शाळा १७९९ पासून हे करते आहे. शांतिनिकेतनात १८९१ चं काचेचं उपासनागृह आहे, तिथे बुधवारी सगळे जमतात. मूर्ती नाही, वेदी नाही. साबरमतीच्या आश्रमात पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना व्हायची, आणि तिचं गाणं बसवलं होतं आपल्या पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी. ते विष्णु दिगंबरांचे शिष्य. आश्रम भजनावलीही त्यांनीच जुळवली. माझं स्वतःचं मन विचाराल तर मला अस्ताचल चॅपलहून सरस वाटतं. पण डोंगरावर पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही, तिथे छप्पर आणि पियानो बरा.

आता सक्तीचा प्रश्न. इथे मी तुम्हाला उगीच धीर देणार नाही.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. मुख्यतः उच्चवर्णीय विधवा मुलींसाठीचं ते निवासी विद्यालय. पैसा अमेरिकेतून यायचा, पण अट अशी होती की धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. दार बंद करायला रमाबाई तयार नव्हत्या, येणाऱ्या मुलींना हाकलायलाही नव्हत्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे मूळचे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच मुलींना पालक घेऊन गेले.

शाळांमध्ये काम करण्याआधी मला या प्रकरणात रमाबाईंची बाजू पूर्ण पटायची. जबरदस्ती नव्हती, मग तक्रार कसली? आता तेवढं सरळ वाटत नाही. रमाबाईंच्या सच्चेपणाविषयी शंका नाही. पण बोर्डिंगमधलं मूल घरापासून तुटलेलं असतं, जो माणूस मायेने वागतो त्याच्याकडे ते ओढलं जातं आणि त्याला जे प्रिय तेच आपल्यालाही प्रिय व्हावं असं त्याला वाटतं. तिथे छडी लागत नाही, प्रेम पुरतं. उघडं दारसुद्धा बोलावतं. म्हणून प्रेमळ शाळेवर जास्त जबाबदारी असते. चांगला चॅप्लिन (शाळेचा पाद्री) हे जाणून असतो. दुसऱ्या धर्मातलं मूल त्याच्याकडे श्रद्धेचे प्रश्न घेऊन एकटं येऊ लागलं, तर तो हाऊसमास्तरला आणि घरी कळवतो. माझ्याबरोबर काम केलेल्या एका फादरांनी अशा मुलीला सरळ विचारलं होतं, ‘हे आजीला सांगितलंस का? आधी तिच्याशी बोल.’

कायदाही तुमच्या बाजूने आहे. संविधानाच्या २८ व्या कलमाचा तिसरा भाग सांगतो की राज्याची मान्यता असलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राष्ट्रगीताला आदराने उभं राहणाऱ्या मुलाने श्रद्धेपोटी ते गायलं नाही, म्हणून त्याला शाळेतून काढता येत नाही. आपल्या नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून एका शिक्षकाची वरची वेतनश्रेणी अडवली होती, त्यातही २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा कौल शिक्षकाच्या बाजूने गेला.

पण व्यवहारात काय होतं? प्रवेश अर्जावर बारीक अक्षरात एक ओळ असते: पाल्य शाळेच्या सर्व उपक्रमांत भाग घेईल, यास आमची संमती आहे. आपण सही करतो. झाली संमती. त्यामुळे सही करण्याआधी बोला, नंतर नव्हे. आणि मुलीला चॅपलमधून पूर्णच बाहेर काढा असा सल्ला मी देणार नाही. सगळी शाळा आत आणि ही एकटी अभ्यासिकेत, रोज सकाळी, असं झालं तर ती फट मी वर सांगितलेल्या बाकावरच्या फटीहून मोठी. बसू दे, ऐकू दे, आवडलं तर गाऊ दे. गुडघे टेकणं, क्रूसाची खूण करणं, प्रसादाची भाकर घेणं यातलं काही तिने करायचं नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही धरायची नाही. बहुतेक जुन्या शाळांचा रिवाज हाच आहे. जिथे शाळा यावर टाळाटाळ करेल, किंवा ‘मुलांना आपोआप सवय होते’ असं म्हणून हसेल, ती शाळा सोडा, कितीही नावाजलेली असो.

सासूबाईंसाठीही एक सांगतो. मुलीला घरचं काही पाठ करून पाठवा, हरिपाठाचे चार अभंग का होईनात. डॉर्मिटरीत दिवे मालवल्यावर म्हणायला. माझ्या हाऊसमध्ये ज्यांना घरचं असं काही येत होतं, ती मुलं चॅपलमध्ये जास्त मोकळी असायची. त्यांना काही हरवायची भीती नव्हती. एकादशीचा उपास करायचा असेल तर तेही आधीच मेट्रनला कळवा, साबुदाण्याची सोय बऱ्याच मेसमध्ये होते, न सांगता मात्र होत नाही.

शाळा बघायला जाल तेव्हा शनिवारी सकाळी न जाता रविवारी जा आणि संध्याकाळच्या चॅपलला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. मुलं गातात की नुसती उभी असतात, हाऊसमास्तर मुलांकडे बघतो की मोबाइलकडे, आणि संपल्यावर मुलं बाहेर पळतात की पायऱ्यांवर घुटमळतात, एवढं बघा. प्रवेश घ्यायचं ठरलं तर अर्जासोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडा: मुलगी चॅपलला हजर राहील, धर्मविधीत सहभागी होणार नाही, धर्माविषयी तिच्याशी स्वतंत्र बोलणं झाल्यास आम्हाला कळवावं. खाली दोघांच्या सह्या, तारीख. एक प्रत कार्यालयातून पोच घेऊन आपल्याकडे ठेवा आणि एक हाऊसमिस्ट्रेसच्या हातात द्या.